खळ्यात उतरवलेलं देऊळ

दाजी, एक दगड कमी पडला. आज माघी पुनवेला गाव भैरोबाच्या ओट्यावर बसलं आणि गावचा कारभार बघणाऱ्या तात्यानं मला विचारलं, "नथू, सगळं दगुड आलं का?" मी उभा राहिलो आणि म्हणालो, एक सोडून सगळे. तात्या म्हणाला, "मग संपलं." तुमचे म्हणवणारेसुद्धा पटक्याचा सोगा चाचपत खाली बघत बसले. आता मंडप इटा-शिमिटाचा व्हणार, वर पत्रा येणार. तुमी उतरवलेला काळा दगड खळ्यात पडून राहणार, न्हाईतर कुणाच्या तरी विहिरीच्या काठाला जाणार.

तुमी भादव्यात गेलात. त्याला अजून वरीस व्हायचं हाय, आणि तुमच्या हातचं काम मोडलं. हे सांगायला दुसरं कोण हाय मला? म्हणून लिहितो. मी शाळेत तिसरीपातुर गेलो, मास्तरच्या छडीला भिऊन सुटलो न्हाई, माझ्या मर्जीनं सोडली. बोलतो तसं लिहितो. तुमी कधी जन्मलात, रान किती, लेकरं किती, ते तलाठ्याकडं हाय. ते मी लिहिणार न्हाई.

पहिल्या लढाईत तुमी साहेबाच्या पलटणीमागं रस्ते बांधायला फ्रान्सात गेला होता. परत आलात तवर मानमोडीच्या साथीत तुमचं अख्खं घर बसलं होतं. आमच्या वडलांनी आक्काला तिकडं धाडायच्याऐवजी तुमालाच हितं ठेवून घेतलं. गाव घरजावई म्हणायचं. तुमी ऐकून घ्यायचात, हसायचातसुद्धा. पण आपल्या मंडपातल्या दगडी बाकावर बसून तंबाखू मळायला लागलात की तुमचं एकच चालायचं, तिकडचं देऊळ. त्याला चर्च म्हणतात हे मला लई वर्षांनी नसरापूरच्या बाजारात एका पेन्शनवाल्याकडनं कळलं. तुमी त्याला कायम 'तिकडचं देऊळ' म्हणालात.

आपल्या गावापरास लहान गाव, म्हणायचात. घरं गुडघ्याएवढी आणि देऊळ छातीएवढं. भिंत एवढी रुंद की खिडकीत माणूस आडवा निजावा. उंबरा मधी झिजून खोलगट झालेला, पावसाचं पाणी साचावं तसा. आत शिरलं की दाराशी दगडाचं भांडं, त्यात पाणी, येणारा बोट बुडवून कपाळाला लावणार. "आपलं तीर्थच की," तुमी म्हणायचात. खिडक्यांना रंगाच्या काचा, उन्हं आत आली की फरशीवर हळद-कुंकू सांडल्यागत. पुढचा भाग लई जुना, बसका. मनोरा त्याच्या मागनं कुणीतरी बांधलेला. कडेची खोली त्याच्याही मागनं. "आजा, बाप आन नातू एका घरात राहत्यात, पर भांडत न्हाईत," असं तुमी सांगायचात. आणि त्या मनोऱ्याच्या टोकावर तांब्याचा कोंबडा.

त्या कोंबड्यावरनं आपण किती वर्षं भांडलो?

"कळसाच्या जागी कोंबडा?" मी म्हणायचो.

"व्हय. वारा फिरंल तसा फिरतो."

"दाजी, आमी कोंबडा कापून देवाच्या पायाशी ठेवतो, आन ते त्याला देवाच्या डोक्यावर बसवत्यात?"

"तुज्यापरास शहाणं हायत म्हणून."

"मग तिकडंच ऱ्हायचं व्हतं. बायकू आमच्या घरची, कोंबडा त्यांचा."

तुमी तंबाखूची चिमूट माझ्या हातावर ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथनंच सुरुवात करायचात. माझी मंडळी वारली तेव्हा मी घराबाहेर पडत न्हवतो. बाकीचे येऊन रडून गेले. तुमी आलात, भाकरीचं ताट पुढं सरकवलंत आणि म्हणालात, "नथू, तो कोंबडा नर हाय का मादी, ह्ये म्या तवा इचारलंच न्हाई बघ." मी भांडायला तोंड उघडलं आणि त्या तोंडानं जेवलो. ह्याचे उपकार तुमाला बोलून दाखवले न्हाईत. दाखवले असते तर तुमीच मला देवळाबाहेर काढलं असतं.

खरं भांडण छताचं होतं. तिकडचं दगडी छत उलट्या होडीगत, दगड एकमेकांना रेटून उभे, हे मला पटायचं न्हाई. आपल्या मंडपाचं कसं, चार तुळया, त्यांच्यावर चार कोपऱ्यांत तिकोनी दगड, त्यांच्यावर पुन्हा चार, जरा फिरवून आत सरकवलेले, असं लहान लहान व्हत वर कमळाचा एक दगड. कुठं चुना न्हाई. दगड दगडाच्या खांद्यावर बसलेला. मी म्हणायचो, रेटून धरलेलं कधीतरी पडतं, खांद्यावर बसलेलं पडत न्हाई. तुमी म्हणायचात, खांदा खचला तर? तिथं तुमचा आवाज बारीक व्हायचा. कारण तिकडचं देऊळ तुमी पाहिलंत ते भोक पडलेलं. तोफेचा गोळा छतातनं आत आला होता.

आणि मग ती बायकांची गोष्ट. त्या गावात गडी माणूस उरला न्हवता, सगळे लढाईत. म्हाताऱ्या बायका आणि एक म्हातारा पुजारी, त्यांनी पडलेला एक-एक दगड उचलून शेजारच्या फळझाडांच्या बागेत नेला आणि देवळात जसा होता तसा भुईवर मांडला. खडूनं खुणा घातल्या. तुमची टोळी रस्त्याचं काम उरकून संध्याकाळी दगड वाहायला जायची. एका म्हातारीनं तुमाला पावाचा तुकडा दिला आणि हातानं दाखवलं, हा हितं न्हवं, तिथं. तुमाला तिची भाषा कळत न्हवती, दगडाची कळली. भुईवर अख्खं देऊळ निजल्यालं व्हतं, म्हणायचात तुमी. मग टोळी पुढं हलली.

"उभं राहिलं असंल का रं?" हे तुमी दर वर्षी विचारायचात.

मी म्हणायचो, पडून असंल. तुमाला डिवचायला म्हणायचो. आज तुमी विचारलंत तर काय सांगू, मला माहीत न्हाई.

आपल्या देवळाला गोळा लागला न्हाई, पिंपळ लागला. मूळ आत शिरलं, एक तुळई तडकली, कमळाचा दगड झुकला. संस्थान होतं तवा राजवाड्यावर जाऊन पाया पडता आलं असतं. संस्थान गेलं आणि आता अर्ज घेऊन कचेरीत उभं राहायचं, कोण राहणार? तात्याची पोरं मुंबईला गिरणीत. त्यांनी कळवलं की जुनं पाडा, आमी पत्रा धाडतो. तात्याला वाईट म्हणत न्हाई मी. त्याला भैरोबाच्या डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, यात्रेच्या आधी, बायापोरं दगडाखाली मरायच्या आधी. तुमी उभे राहिलात आणि म्हणालात, पाडू नका, उतरवा. खालनं लाकडी टेकू देऊ, वरनं एक-एक दगड काढू, खळ्यात मांडू, तुळईला लोखंडी पट्टा आवळू आणि पुन्हा चढवू.

"पाव्हण्यानं गावच्या देवळात हात घालू न्हाई," मागनं कुणीतरी बोललं.

"मग देवालाच इचारा," तुमी म्हणालात.

सदू गुरवानं भैरोबाच्या छातीला दोन ओल्या कळ्या लावल्या, उजवीकडं एक, डावीकडं एक. उजवी पडली तर हो. गाऱ्हाणं तुमी घातलंत. "देवा, तुजा मंडप उतरवतो. तुजाच दगुड तुला परत घालीन, एक कमी न्हाई, परका एक न्हाई. मान्य आसंल तर उजवी दे." लई वेळ काही पडेना. मग उजवी पडली. तात्या लगेच म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलंय. एक कमी न्हाई, परका एक न्हाई."

घरी येताना मी तुमाला म्हणालो, दाजी, शब्दात एवढं बांधून कशाला घेतलं? एखादा दगड फुटला-बिटला तर नवा घडवता आला असता. तुमी म्हणालात, देवाला अर्धं वचन कसं द्यायचं? ह्या बोलण्यावर माझा अजून राग हाय. अर्धं वचन दिलं असतं तर आज देऊळ उभं राहिलं असतं.

सुगी उरकली आणि देऊळ उतरलं. असं काम ह्या खोऱ्यात कुणी बघितलं न्हवतं. विंझरपातुरची माणसं येऊन बघून गेली. तुमी आकड्यांवर इसंबलात न्हाई. प्रत्येक दगडाच्या अंगाला तांबड्या कावेनं खूण, कुठं कंगवा, कुठं चांदणी, कुठं बैलाचं शिंग, आणि वरच्या थराला कोंबड्याचा पाय. मला बघून मुद्दाम काढला तो पाय, माहीत हाय मला. खळ्यात मंडप तसाच्या तसा निजला. आक्का भाकरी घेऊन आली आणि चपला काढून कडेला उभी राहिली.

"आगं, भुई हाय ती, देऊळ न्हाई," तुमी म्हणालात.

"देऊळ कुठं गेलं मग?" ती म्हणाली.

मग धनगरांची मेंढरं खळ्यातनं गेली. अंगं घासून घासून तुमची काव पुसून टाकली. तुमी शिव्या दिल्यात, दोन दिवस बसून आठवून सगळ्या खुणा पुन्हा काढल्यात आणि ह्या खेपेला शेंदूर घेतलात, तेलात कालवून. मी हात धरला होता तुमचा.

"दाजी, शेंदूर नगा लावू. शेंदूर दिसला की गाव हात जोडतं."

"जोडू दे की. हात जोडलेला दगुड कोण चोरत न्हाई."

कुणी चोरला न्हाई, दाजी. त्यात तुमचं खरं झालं. तुळईचा लोखंडी पट्टा यायला उशीर झाला, आणि भाताच्या आवणीच्या तोंडावर वरच्या आळीत एकाचा बैल बसला तो उठेना. त्यानं खळ्यातल्या एका दगडापुढं नारळ फोडला आणि बैल उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो दगड वाजत-गाजत बांधावर नेला. भैरोबाच्या घरचा दगड, कौलानं उतरवलेला, वर शेंदूर; कोण न्हाई म्हणणार? मग कुणाची गाय, कुणाची सून, कुणाच्या पोराचा ताप. तुळया आणि खांब जागी राहिले. माणसाला उचलता येतील ते सगळे गेले. मी येऊन सांगितलं तेव्हा तुमी अंथरुणाला खिळला होता, छाती वाजत होती. तुमी हसलात. "जाऊ दे रं. घरं राखत्याल. सुगीला गोळा करू." आणि सुगी बघितली न्हाईत.

तुमचा दहावा झाला आणि तात्यानं मुदत घातली. माघी पुनवेला सगळे दगड खळ्यात, न्हाईतर इटा. मी गावापुढं म्हणालो, गोळा करतो. माझ्यासारख्या माणसानं, दाजी. कुणाच्या दारात मी शेणाची पाटी मागायलासुद्धा उभा राहिलो न्हाई कधी. मी दारोदार जाऊन देव परत मागितला. सदू गुरवानं वाट काढली, नदीतला गोटा घ्यायचा, त्याच्यावर देव बोलवायचा, गोटा त्यांना ठेवायचा आणि दगड आपण घ्यायचा. काहींनी ऐकलं. एकानं कुत्रं सोडलं. एक बाई म्हणाली, "तुमचा दाजी मेला म्हणून आमचा देव न्यायचा व्हय?" तिच्या उंबऱ्याशी मी बसून राहिलो, तिनं केर माझ्या अंगावरनं काढला, तरी उठलो न्हाई. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं दगड गाडीत घातला.

सगळ्यात अवघड टेकाडावरची ठकूबाई धनगरीण. मेंढवाड्याच्या तोंडाशी दगड बसवलेला तिनं. वाघरू तेव्हापासनं वाड्याकडं फिरकलं न्हाई, असं तिचं म्हणणं. मी गोट्याची गोष्ट सांगितली.

"नदीतला गोटा वाघराला कळंल का?" ती म्हणाली.

"देव त्यात येतो, म्हातारे. गुरवानं घातलाय."

"तुमच्या गुरवाचं न्हाई ऐकत वाघरू. तुमी गावचं जाणतं माणूस हाय. पटका काढून दगुड डोईवर घ्या, आनवाणी खाली न्या. मग म्या म्हणंन, देव आपल्या पायानं गेला."

मी पटका काढला. ह्या गावानं माझं उघडं डोकं आमची मंडळी गेली तेव्हाच पाहिलेलं. टेकाड उतरताना मान आत गेल्यागत झाली, वाटंत पोरं हसली, मी थांबलो न्हाई. तुमाला शिव्या देत उतरलो, हे खरं हाय. देव डोक्यावर आणि तोंडात तुमच्या नावाच्या शिव्या. खळ्यात येऊन दगड ठेवला, तेलानं शेंदराचे थर घासून काढले आणि खालनं तुमचा कंगवा निघाला. तेवढ्यासाठी मी तिथंच बसून रडलो. कुणी बघितलं न्हाई.

असं करत खळं भरलं. सगळ्या खुणा मला लागत न्हवत्या, पण दगडाला दगड लावून बघितला की कळायचं. तुमाला त्या म्हातारीचं कळलं तसंच असंल. शेवटी एकच भोक राहिलं. अगदी वरच्या थरातला कोपरा, कडेवर घेता येईल एवढा तिकोनी दगड, ज्याच्यावर कमळाचा चौथा पाय टेकतो. तीन पायांवर कमळ राहत न्हाई. मी भोंगवलीपातुर विचारत गेलो, कुणाच्या सोयऱ्यानं नेला असंल म्हणून. वरव्याला गेलो. प्रत्येक म्हसोबाच्या पोटाखाली हात घालून बघितला. पुनवेला दोन दिवस राहिले तेव्हा मला येड लागायचं बाकी होतं. जेवण जाईना. खळ्यात त्या भोकापुढं बसायचो आणि म्हणायचो, दाजी, सांगा की कुठं हाय.

काल आक्काकडं गेलो, नुसतं पाणी प्यायला. ती जात्यावर बसली होती. जात्याच्या पलीकडं, भिंतीशी, पोत्यावर तो होता.

त्याला फूल न्हवतं, नारळ न्हवता. शेंदराचा दुसरा थरसुद्धा न्हवता. तुमी काढलेला कोंबड्याचा पाय तसाच्या तसा, आणि कडेला तुमच्या अंगठ्याचा ठसा, शेंदूर पुसताना उमटलेला. रेघान् रेघ दिसत होती त्याची.

"आक्के, ह्याची पूजा करतीस का?" मी विचारलं.

"न्हाई बा. पूजा कशाला? दळताना बोलते त्याच्याशी."

मी उभाच राहिलो. ती हात थांबवून म्हणाली, "त्योच ऱ्हायलाय न्हवं? गावात म्हणत्यात नथूला एक गावंना. म्या सांगणार व्हते. रोज म्हणते, उद्या सांगंन." मग तिनं पदरानं दगडावरचं पीठ पुसलं. अंगठ्यावरनं पदर नेला न्हाई, तेवढा भाग सोडून पुसलं. "ने. त्यांचं काम हाय, पुरं व्हायला पाहिजे. ने तू."

ने म्हणाली, पण तिचा हात दगडावरच राहिला. म्हातारा हात, पिठानं पांढरा. मी वाकलो, दाजी. शपथेवर सांगतो, उचलायला वाकलो. अख्ख्या खोऱ्याच्या दारात नाक घासून आलेलो, वाघराच्या तोंडचा देव आणलेला. माझ्या सख्ख्या बहिणीचा हात मला सरकवता आला न्हाई.

"हा न्हवं तो, आक्के," मी म्हणालो.

"पायाची खूण हाय की."

"पाय त्यांनी लई दगडांवर काढलेत. ह्यो दुसराच कुठला तरी. टाकाऊ. उरलेला असंल."

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तशी. मग म्हणाली, "बरं," आणि हात दगडावरनं काढून जात्याच्या खुंट्यावर ठेवला. मी पाणी न पिताच निघालो.

आता तुमी भांडा. म्हणा की तिकडच्या म्हाताऱ्यांनी घरदार सोडून दगड वाहिले आणि तुला एक उचलंना. म्हणा की देवाला दिलेलं वचन एका बाईच्या हातासाठी मोडलंस. मी ऐकून घेईन, उलटं बोलणार न्हाई, हे पहिल्यांदाच. पण तुमी तिथं न्हवता. ती 'ने' म्हणाली तेव्हा तिचा आवाज तुमी ऐकला न्हाई. तुमी असता तर तो दगड तिच्या घरात गेलाच नसता, आणि तुमी न्हाई म्हणूनच तो तिथं हाय, ह्याला मी काय करू?

सांजच्याला तात्याच्या पोरांनी धाडलेला ट्रक आला. इटा उतरवायला माणसं कमी होती, तात्यानं हाक मारली, मी गेलो. गड्यांच्या साखळीत उभा राहिलो. माझ्या हातातनं इट पुढं जात होती, आणि मी एकसुद्धा खाली पडू दिली न्हाई.